कामठा कोणत्या हातात?

जुन्या पुस्तकातला लाकडी ठशाचा एखादा भिल्ल समोर आला की मी आधी चित्राच्या खालच्या कडेकडे बघतो. डाव्या कोपऱ्यात एक बारीक सही असते, उजव्या कोपऱ्यात दुसरी. डावी चित्रकाराची, उजवी ठसा कोरणाऱ्याची. मधोमध नुसतं ‘भिल्ल’ किंवा ‘डोंगरातले तिरंदाज’ असं काहीतरी लिहिलेलं. एका चौकटीत तीन माणसं गुंतलेली असतात आणि त्यांतल्या दोघांची नावं छापलेली असतात. तिसऱ्याचं, म्हणजे दगडावर पाय रोवून हातात कामठा धरून जो उभा आहे त्याचं, नाव नसतं.

धुळे, नंदुरबार, जळगाव या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला ही चित्रं परकी वाटत नाहीत, आणि मला त्याचीच काळजी वाटते. भिल्ल म्हटलं की उघडं अंग, लंगोटी, तिरकमठा आणि मागे झाडी, ही आकृती आपल्या डोळ्यांपुढे आपोआप येते. शेजारच्या पाड्यावरचा, आठवडे बाजारात नेहमी भेटणारा माणूस डोळ्यांपुढे येत नाही. ही आकृती कुठून आली, ती कोणी, कशी आणि कशासाठी तयार केली, हे बघायला थोडं मागे जावं लागतं. सातपुड्यापासून पॅरिस-लंडनच्या छापखान्यांपर्यंतही जावं लागतं.

सुरुवात छापखान्यापासून करू, कारण तिथलं काम समजलं की अर्धं कोडं सुटतं. लंडनचं ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ १८४२ मध्ये निघालं, पॅरिसचं ‘ल तूर द्यू मोंद’ हे प्रवासवर्णनांचं नियतकालिक १८६० मध्ये. दोन्ही चित्रांवर चालत. फोटो मजकुराबरोबर थेट कागदावर छापायची सोय तेव्हा नव्हती. ती शतकाच्या शेवटी शेवटी आली. तोवर चित्र छापायचं म्हणजे ते लाकडात कोरायचं. त्यासाठी बॉक्सवूड नावाच्या झाडाचं अतिशय घट्ट लाकूड वापरत. या झाडाचं खोड बारीक, त्यामुळे बुंध्याच्या आडव्या कापातून निघणारा तुकडा तळहाताहून फारसा मोठा नसे. मोठं चित्र हवं असेल तर असे कितीतरी तुकडे मागून स्क्रूने आवळून एक ठोकळा करायचा, तोंडाला पांढरा लेप द्यायचा आणि त्यावर चित्रकाराने रेखाटन करायचं. मग स्क्रू सोडवून तुकडे वेगवेगळ्या कोरणाऱ्यांना वाटायचे. एकाच्या टेबलावर आभाळ, दुसऱ्याच्या झाडोरा, तिसऱ्याच्या पाय. तोंड आणि हात मुरलेल्या कारागिराकडे जात. काम उरकलं की तुकडे पुन्हा आवळायचे. जोडाची बारीक पांढरी रेघ नीट बघितली तर आजही अशा चित्रांत सापडते. कधी ती आभाळातून जाते, कधी थेट माणसाच्या अंगावरून.

कोरणाऱ्याला सावली दाखवायची तर रेघा दाट करायच्या, उजेड दाखवायचा तर विरळ. करड्या रंगाची सोय नाही. शाई लागते किंवा लागत नाही, एवढंच. आता सावळ्या कातडीचा माणूस आला की काय होणार? अंगभर दाट रेघा. त्या रेघांत स्नायू ताणलेले दिसतात, डोळे खोल जातात, गालफडं वर येतात. युरोपातल्या वाचकाला त्यात रानटीपणा दिसे. त्यातला बराचसा भाग कोरणीच्या टोकातून आलेला होता.

शिवाय ठसा उलटा छापला जातो. ठोकळ्यावर डावीकडे आहे ते कागदावर उजवीकडे येतं. म्हणून चित्रकाराला सगळं उलटं काढावं लागे. छापील चित्रावरून घाईत दुसरा ठसा कोरताना हे भान सुटलं की माणूस आरशातल्यासारखा उलटा होई. कामठा डाव्या हातात असेल तर उजव्यात जाई, कमरेचं हत्यार दुसऱ्या बाजूला लटके.

आणि अशी उसनवारी सतत चाले. कोरलेल्या ठोकळ्यावरून धातूची प्रत काढता येई आणि ती दुसऱ्या देशातल्या मासिकाला विकता येई. पॅरिसचं चित्र काही वर्षांनी लंडनच्या किंवा जर्मनीतल्या पुस्तकात उगवे, खालची ओळ बदललेली. या धातूच्या प्रतीला फ्रेंच छापखान्यात ‘क्लिशे’ म्हणत. ‘स्टीरिओटाइप’ हाही छापखान्यातलाच शब्द, अख्खं पान ओतून काढलेल्या धातूच्या पत्र्याचा. एखाद्या समाजाबद्दलच्या ठरीव समजुतीला आज जगभर हेच दोन शब्द वापरतात. मराठीत आपण ‘ठोकळेबाज’ म्हणतो. इथे तर ठोकळा खराखुरा होता.

या सगळ्यात प्रत्यक्ष बघितलेलं किती असे? लुई रूसले या फ्रेंच तरुणाचं उदाहरण घेऊ. विशीतला हा मुलगा १८६४ ते १८६८ या काळात मुंबईपासून मेवाड, मध्य भारतापर्यंत हिंडला, संस्थानिकांकडे राहिला, कॅमेरा शिकला आणि बरोबर वागवला. त्याचं प्रवासवर्णन आधी ‘ल तूर द्यू मोंद’मध्ये क्रमशः आलं, मग १८७५ मध्ये जाडजूड ग्रंथ म्हणून. त्यात ३१७ ठसे आहेत. भिल्लांविषयी तो लिहितो ते मुख्यतः मेवाडच्या बाजूचे, खानदेशातले नव्हेत. पण वाचणाऱ्याला अरवली आणि सातपुडा सारखेच. पुढे त्याने पॅरिसच्या मानवशास्त्रीय नियतकालिकात मध्य भारतातल्या वंशांचा तक्ताही प्रसिद्ध केला. त्या काळात प्रवासी आणि शास्त्रज्ञ यांच्यामध्ये भिंत नव्हती. पॅरिसची मानवशास्त्र संस्था स्वतःच १८५९ ची.

रूसलेने फोटो काढले, पण ते फोटो आधी पॅरिसमधल्या चित्रकारांकडे गेले. या नियतकालिकासाठी काम करणाऱ्यांत एमील बायार होता. व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीतल्या कोझेतचं प्रसिद्ध चित्र त्याचं. ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीतली चित्रंही त्याने आणखी एका चित्रकाराबरोबर काढली. फार कसबी हात होता. पण हिंदुस्थानातल्या रानाचं चित्र आणि चंद्राच्या वाटेचं चित्र एकाच स्टुडिओत, एकाच कल्पनेच्या जोरावर तयार होत होतं. फोटोत माणूस असे, मागचं रान बहुधा धूसर. ते भरायचं काम चित्रकाराचं. मग पानझडीच्या डोंगरात ब्राझीलचे वेल आले आणि सागाऐवजी ताड उभे राहिले, तर त्यांना दोष तरी कसा द्यायचा? त्यांनी साग बघितला नव्हता.

फोटोचीही गोष्ट वाटते तितकी सरळ नाही. १८५१ नंतर काचेवरच्या ओल्या रसायनाची पद्धत रुळली. काचेवर चिकट द्रव ओतायचा, चांदीच्या क्षारात बुडवायची, ती ओली आहे तोवर फोटो घ्यायचा आणि लगेच अंधाऱ्या तंबूत धुवायची. खानदेशच्या चैत्र-वैशाखात हे करून बघा! ईथरचा द्रव उडून जातो, काच बघता बघता सुकते, धुवायला नितळ पाणी मैलभरावरून आणावं लागतं. आणि समोरच्याने काही सेकंद पापणी न लववता उभं राहायचं, तेही भर उन्हात, कारण उजेड हवा. उन्हाकडे तोंड करून श्वास रोखून उभ्या असलेल्या कोणाही माणसाच्या कपाळाला आठ्या पडतील. लग्नातल्या जुन्या फोटोंत आपले पणजोबाही असेच रागावलेले दिसतात. पणजोबांच्या त्या आठ्यांना आपण रुबाब म्हणतो. भिल्लाच्या आठ्यांखाली युरोपात ‘हिंस्र स्वभाव’ असं लिहिलं गेलं.

आता खानदेशाकडे येऊ.

१८१८ मध्ये मराठेशाही संपली आणि खानदेश कंपनी सरकारच्या ताब्यात आला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज हा इथला पहिला अधिकारी. धुळे हे त्यानेच मुख्य ठाणं केलं. मुलूख लढाया, पेंढारी आणि दुष्काळ यांनी उजाड झालेला. डोंगरात भिल्लांचे नाईक आपापल्या वाटा आणि हक्क सांभाळून होते. घाटवाटांची राखण आणि गावांकडून मिळणारा वाटा हा त्यांचा जुना हक्क होता, नव्या सरकारच्या लेखी मात्र ती लूट होती. पहिली काही वर्षं फौजा डोंगरात शिरत, नाईक पकडत, फाशी देत, आणि पुन्हा तेच सुरू होई. १८२५ मध्ये धोरण बदललं. जेम्स आउट्रम नावाच्या तरुण लेफ्टनंटला भिल्लांचीच पलटण उभी करायला सांगितलं. तिचं ठाणं धरणगाव. त्याच सुमारास भिल्लांसाठी स्वतंत्र एजन्सी नेमल्या. त्यांनी नाईकांना जमिनी, बैल, बियाणं द्यायचं आणि त्यांच्यावर नजर ठेवायची.

भिल्लांचा ‘अभ्यास’ सुरू झाला तो इथे. विद्यापीठातला कोणी आला नव्हता. मुलूख शांत करायला आलेल्या अधिकाऱ्यांनी तो सुरू केला. मध्य हिंदुस्थानात काम केलेल्या सर जॉन माल्कमचा भिल्लांवरचा निबंध १८२० च्या दशकात लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथात आला. कॅप्टन डी. सी. ग्रॅहम याने खानदेशातल्या भिल्लांचा इतिहास लिहिला, तो मुंबई सरकारच्या निवडक कागदपत्रांत १८५६ मध्ये छापला गेला. दोन्हींत बारकाईने केलेली निरीक्षणं आहेत, काही ठिकाणी खरी आपुलकीही आहे. तरी प्रत्येक प्रश्नामागे दुसरा प्रश्न उभा दिसतो: हे लोक कोणाचं ऐकतात, कशाने वळतात, कोणत्या वाटेने पळतात?

आउट्रमचं पुढे काय झालं ते बघण्यासारखं आहे. १८५७ च्या लखनौच्या लढाईनंतर तो इंग्लंडात घराघरांत पोचला. टॉमस बार्करने काढलेल्या लखनौच्या सुटकेच्या चित्रात तो मध्यभागी आहे, आणि त्या चित्राचे कोरीव ठसे भिंतींवर लागले. लंडनला थेम्सच्या काठी त्याचा पुतळा आहे, कोलकात्यात घोड्यावरचा आहे, आणि कबर वेस्टमिन्स्टर ॲबेत. त्याच्या आयुष्याची दहाएक वर्षं ज्यांच्यात गेली, ज्यांच्या हाती त्याने आपला जीव सोपवला असं त्याचे चरित्रकार कौतुकाने सांगतात, त्या धरणगावच्या भिल्ल शिपायांची नावं पगाराच्या पटावर लागली. चित्राखाली ती कधी आली नाहीत.

१८५७-५८ मध्ये सातपुडा पेटला. सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा खाज्या नाईक आणि त्याच्याबरोबर भीमा नाईक यांनी उठाव केला. ११ एप्रिल १८५८ ला अंबापाणीच्या डोंगरात मोठी लढाई झाली, शेकडो बायका कैद झाल्या. या लढाईची गाणी-गोष्टी डोंगरात राहिल्या असतील, पण लखनौसारखी चित्रं कोणी कोरली नाहीत.

१८५७ च्या उठावानंतर सरकारला एकदम वाटू लागलं की आपण ज्यांच्यावर राज्य करतो ती माणसं आपल्याला माहीतच नाहीत. व्हाइसरॉय कॅनिंगच्या हौसेपासून सुरू झालेला फोटोंचा संग्रह सरकारी योजना झाला, आणि १८६८ ते १८७५ मध्ये ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा ग्रंथ लंडनमधून निघाला. त्यात साडेचारशेहून अधिक फोटो, प्रत्येक खरा छापलेला आणि हाताने चिकटवलेला. शेजारी मजकूर: ही जमात कष्टाळू, ती कपटी, तिसरी राजनिष्ठ. राजनिष्ठेचा उल्लेख इतक्यांदा येतो की हा ग्रंथ कोणत्या भीतीतून निघाला ते लपत नाही.

मुंबईतही असंच काम चाललं होतं. तिथे १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती. विल्यम जॉन्सन या सरकारी नोकराने मुंबई इलाख्यातल्या जाती-जमातींचे फोटो दोन खंडांत काढले, १८६३ आणि १८६६ मध्ये. त्याची युक्ती अशी: माणसांचा फोटो स्टुडिओत घ्यायचा, त्यांच्या आकृत्या कात्रीने कापायच्या आणि दुसऱ्याच फोटोतल्या देवळापुढे, नदीकाठी किंवा रानात बसवायच्या. त्या पानांवर केसांची कड फार कोरीव दिसते आणि सावल्या एकमेकींशी जुळत नाहीत. माणूस त्याच्या गावापासून कापून काढून बघणाऱ्याला हव्या त्या जागी चिकटवायचा, हे त्या पानांवर शब्दशः केलेलं आहे. त्या काळच्या मानवशास्त्रात काय चाललं होतं ते समजावून द्यायला मला याहून चांगलं उदाहरण सापडत नाही.

मग मोजमापं आली. १८६० च्या दशकाच्या शेवटी लंडनमध्ये टी. एच. हक्सले या जीवशास्त्रज्ञाने सूचना काढल्या: माणूस उघडा, समोरून एक आणि बाजूने एक, शेजारी मोजपट्टी. जॉन लॅम्प्रीने लाकडी चौकटीत दोन-दोन इंचांवर रेशमी दोरे ताणून मागे जाळी उभी केली, म्हणजे फोटोवरूनच शरीर मोजता येईल. पॅरिसमध्ये ब्रोका या मानवशास्त्रज्ञाने कवट्या मोजायचे चिमटे तयार केले होते. श्लागिंटवाइट या जर्मन भावंडांनी १८५४ मध्ये मुंबईत उतरून पुढची दोन-तीन वर्षं हिंदुस्थानभर आणि हिमालयात फिरताना माणसांच्या चेहऱ्यांवर प्लॅस्टर ओतून साचे काढले, पावणेतीनशेच्या आसपास. त्यांच्या धातूच्या प्रती युरोपातल्या संग्रहालयांना विकल्या. चेहऱ्यावर गार, जड चिखल, नाकाशी श्वासापुरती फट. असा किती वेळ पडून राहिला असेल तो माणूस? त्या मुखवट्यांचे डोळे मिटलेले असतात, कारण उघडे ठेवताच येत नाहीत. युरोपातल्या संग्रहालयात जाणाऱ्यांनी हिंदुस्थानी चेहरा असा, झोपलेला किंवा मेलेला, बघितला.

मानवशास्त्रज्ञ स्वतः ज्यात दिसतो अशी चित्रं तुलनेने थोडी. असतात त्यांत मांडणी ठरलेली: झाडाखाली घडीचं टेबल, डोक्यावर टोपी घातलेला साहेब, हातात वही किंवा चिमटा, समोर उभा किंवा उकिडवा बसलेला माणूस, मागे जमलेली मुलं. साहेब वहीत बघतो, मुलं साहेबाकडे बघतात. या मुलांकडे माझं लक्ष नेहमी जातं. चित्रकाराने ती मौजेसाठी घातली असतील, पण अभ्यास त्यांचाही चालूच होता.

अशा चित्रांतून एक माणूस मात्र हटकून गाळलेला असतो, आणि तो आपल्यापैकी आहे. मधला माणूस. साहेबाला भिली येत नसे. गावातल्या भिल्लाचं बोलणं कोणीतरी अहिराणीत सांगे, अहिराणीचं मराठीत होई आणि मराठीचं इंग्रजीत. त्या साखळीत पाटील होता, कुलकर्णी होता, मामलेदाराच्या कचेरीतला कारकून होता. प्रश्न साहेबाचा, पण कोणाला बोलवायचं, कोणाला नाही, उत्तरातलं काय सांगायचं आणि काय ‘तसं काही नाही साहेब’ म्हणून टाळायचं, हे या लोकांच्या हाती होतं. १८८० मध्ये जेम्स कॅम्बेलच्या संपादनाखाली मुंबई गॅझेटिअरचा बारावा खंड निघाला, खानदेशाचा. त्यातलं भिल्लांचं प्रकरण वाचताना साहेबाच्या आवाजाखाली मराठी गावकीचा आवाज स्पष्ट ऐकू येतो: ते आळशी, दारूडे, उधळे, पण दिलेल्या शब्दाला जागणारे. हे मत लंडनहून आलेलं नाही. ते आपल्या ओट्यावरचं आहे, आणि आजही पूर्ण गेलेलं नाही. ठशाचा दोष साहेबावर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही असं मला वाटतं ते यामुळेच.

तरीही हे गॅझेटिअर टाकाऊ नाही. चित्राला एक भिल्ल पुरतो. गॅझेटिअरला सपाटीवरचे आणि डोंगरातले वेगळे करावे लागले. मग पावरा आले, मावची आले, नाहल, मुसलमान झालेले तडवी आणि निर्धी आले. पावरांचे पूर्वज पावागडकडून आल्याची आठवण तिथे नोंदली आहे. यावल, रावेर, चोपड्याच्या डोंगरपायथ्याला राहणारे तडवी, अक्राणीतले पावरा आणि नवापूरकडचे मावची यांची बोली, पेहराव, देव, सोयरीक सगळं निराळं. ‘भिल्ल’ नावाचं एकच चित्र या सगळ्यांना कसं लागू पडणार?

ठशात कधीच न दिसलेला खानदेशी भिल्ल तर सगळ्यांत मोठा. तो गावाचा जागल्या होता, रात्री वेशीवर जागणारा, चोराचा माग मातीवरून काढणारा. तो सालदार होता; कपाशीच्या आणि ज्वारीच्या शेतात वर्षाच्या बोलीवर राबणारा. गवताचा भारा, जळाऊ लाकूड, मोहाची फुलं, डिंक बाजारात आणणारा होता. पलटणीच्या गणवेशात बंदूक घेऊन धरणगावला कवायत करणारा होता. १८६० च्या दशकात आगगाडी भुसावळपर्यंत आली, कापसाच्या पेठा वाढल्या, या सगळ्याला लागणारे हात कोणाचे होते? पण बंदूकवाला किंवा नांगरधारी भिल्ल युरोपातल्या वाचकाला भिल्ल वाटला नसता. म्हणून फोटोसाठी बोलावलेल्या माणसाच्या हातात कामठा असायचाच.

अजिंठ्याचंही थोडं सांगावंसं वाटतं. लेणी जळगाव, पाचोऱ्याहून जवळ. १८१९ मध्ये इंग्रजांना ती ‘सापडली’, पण डोंगरातल्या भिल्लांना त्यांची वाट आधीपासून ठाऊक होती. सुरुवातीच्या प्रवाशांच्या लेखनात वाघ आणि भिल्ल यांची भीती एकाच दमात येते. १८४४ पासून रॉबर्ट गिल हा चित्रकार तिथे राहून भित्तिचित्रांच्या प्रती करत होता. लंडनला गेलेल्या त्याच्या बहुतेक प्रती १८६६ च्या आगीत जळाल्या. नंतर त्याने कॅमेरा हाती घेतला, आणि १८७९ मध्ये तो भुसावळला वारला. त्याची कबर तिथेच आहे. लेण्यांच्या त्या काळच्या चित्रांत खांबापाशी किंवा दारात एखादा स्थानिक माणूस उभा असतो. तो तिथे मापासाठी असतो, खांब केवढा उंच ते कळावं म्हणून. हजार-दीड हजार वर्षांपूर्वीच्या चित्रातल्या सावळ्या चेहऱ्याची रेघ न् रेघ उतरवायला माणसं आयुष्य वेचत होती, आणि त्याच दारात उभ्या असलेल्या सावळ्या माणसाचा उपयोग फूटपट्टीसारखा होत होता. मला हे वाचताना दर वेळी थांबावं लागतं.

शतक उलटलं तसं ठशाचं काम संपलं. फोटो थेट छापता येऊ लागले, कोरणारे बेकार झाले. मोजण्याची हौस मात्र वाढली. १८८६ मध्ये मुंबईत अँथ्रॉपॉलॉजिकल सोसायटी निघाली होती. १९०१ च्या जनगणनेचा प्रमुख हर्बर्ट रिस्ले याने नाकाच्या रुंदीला लांबीने भागून जातींची उतरंड लावायचा प्रयत्न केला. मुंबई इलाख्यातल्या जाती-जमातींचं काम एन्थोव्हेन या अधिकाऱ्याकडे आलं, त्याचे तीन खंड १९२० ते १९२२ मध्ये निघाले. ग्रिअर्सन या भाषाशास्त्रज्ञाच्या भाषा-पाहणीचा भिली आणि खानदेशीचा खंड १९०७ चा. बायबलातल्या उधळ्या मुलाच्या गोष्टीचं ठिकठिकाणच्या बोलीत भाषांतर मागवून त्याने नमुने जमवले. गोष्ट परकी, मागवणारे सरकारी, तरी त्या खंडात डोंगरातलं बोलणं वाक्यावाक्याने उतरलं आहे. इतक्या सगळ्या चित्रांतून जे मिळालं नाही ते तिथे थोडंसं मिळतं.

मोजमापाच्या या शास्त्राला आतून धक्का देणाऱ्यांत एक मराठी बाई होती. इरावती कर्वे १९२८ मध्ये बर्लिनला गेल्या. ऑयगेन फिशर या वंशशास्त्रज्ञाच्या संस्थेत त्यांना विषय मिळाला कवट्यांच्या डाव्या-उजव्या बाजूंमधल्या फरकाचा. युरोपीय कवटी आणि इतरांची कवटी यांत वंशानुसार भेद दिसेल अशी तिथे अपेक्षा होती. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा भेद दिसत नाही असं लिहून दिलं. त्या जागी, त्या माणसासमोर हे लिहिणं सोपं नव्हतं. परत आल्यावर त्यांनीही महाराष्ट्रात पुष्कळ मोजमापं घेतली, पण त्याबरोबर त्या घरांत बसल्या; नाती, सोयरीक, कुळं विचारत हिंडल्या. पश्चिम खानदेशातल्या भिल्लांवरचा त्यांचा अभ्यास १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. मोजपट्टी त्यांच्याही पिशवीत होती. पण ज्या भिल्लाची उंची मोजायची त्याच्याकडे जमीन किती, कर्ज किती, हेही विचारायचं असतं, हे तोवर अभ्यासात आलं होतं.

हे जुने ठसे आता पुन्हा फिरू लागले आहेत. कोणी फ्रेम करून हॉटेलात लावतं, कोणी पुस्तकाच्या मुखपृष्ठावर घेतं, आदिवासी दिनाच्या फलकावरही ते दिसतात. ते लपवावेत असं मला वाटत नाही. सातपुड्यातल्या मुलांनी ते जरूर बघावेत, पण हातात भिंग घेऊन. दागिने बघावेत: चांदीचे आहेत की चित्रकाराने मण्यांची आफ्रिकी माळ घातली आहे? झाड ओळखता येतं का बघावं. जोडाची पांढरी रेघ कुठून जाते ते शोधावं. कोपऱ्यातल्या दोन्ही सह्या वाचाव्यात.

आणि शेवटी बाण धरलेला हात बघावा. बाण सोडताना अंगठा लावायचा नाही, तर्जनी आणि मधल्या बोटानेच दोरी ओढायची, असं भिल्ल तिरंदाजांत सांगतात आणि त्याचं नातं एकलव्याशी जोडतात. ज्याचा अंगठा मागून घेतला त्याच्या मानासाठी आपणही अंगठा वापरायचा नाही. पॅरिसमधल्या कोरणाऱ्याला एकलव्य माहीत असण्याचं कारण नव्हतं. त्यामुळे हाताचा तुकडा ज्याच्या टेबलावर आला, त्याने फोटोत दिसलं ते कोरलं असेल, किंवा दिसलं नाही तिथे आपल्याकडचा तिरंदाज आठवून बोटं जुळवली असतील. अंगठा दोरीवर असेल तर चित्रकाराने हात मनाने काढला असं समजायला जागा आहे. तो बाजूला, मोकळा असेल तर निदान त्या एवढ्याशा जागेत, कॅमेऱ्यासमोर उन्हात उभ्या राहिलेल्या त्या बिननावाच्या माणसाने आपल्या पद्धतीने बाण धरला होता आणि ते पुसता आलं नाही, असं म्हणता येईल.